परमुलखातली इर्जिक

देशावरच्या खेड्यांत इर्जिक नावाची एक जुनी रीत आहे. ट्रॅक्टर आल्यापासून ती पुष्कळशी मोडली. पण ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांना तो शब्द ऐकताच पहाटेच्या घुंगरांचा आवाज आठवेल. ऐन पेरणीच्या तोंडावर एखाद्या शेतकऱ्याचा बैल बसतो, किंवा घरचा कर्ता पुरुषच अंथरुणाला खिळतो. पाऊस काही कोणासाठी थांबत नाही. मग आदल्या रात्री गावात निरोप फिरतो, आणि उजाडता उजाडता दहा-पंधरा औते त्याच्या शेतावर येऊन उभी राहतात. त्यांत कोणाचे नाते असते, कोणाचे नसते; एखाद्याचे तर बांधावरून भांडणही असते. दिवस मावळेपर्यंत रान नांगरून होते. घरधनी सर्वांना जेवू घालतो. मजुरी कोणी मागत नाही आणि हिशेब कोणी ठेवत नाही.

आज जी हकीकत मी सांगणार आहे ती मात्र आपल्या गावची नाही. ती अमेरिकेतली आहे, इंग्लंडातली आहे, आणि तिची सुरुवात तर पॅरिसमधल्या एका इस्पितळात होते. एका असाध्य रोगाने माणसांचे हातपाय एकामागून एक कसे काढून घेतले, आणि सोबत्यांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, पुढे तर ओळखदेख नसलेल्या लाखो लोकांनी त्यांच्यासाठी आपले हातपाय कसे पुढे केले, याची ही हकीकत. ती अभ्यासताना मला पदोपदी इर्जिकच आठवत राहिली. म्हणून तिला तेच नाव दिले आहे.

*

पॅरिसमध्ये साल्पेत्रियेर नावाचे एक प्रचंड इस्पितळ आहे. फार पूर्वी त्या जागी बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. दारूत सोरा लागतो, त्या सोऱ्यावरून हे नाव पडले. सतराव्या शतकात तेथे शहरातल्या निराधार बायकांना ठेवू लागले. म्हाताऱ्या, लुळ्या, वेड्या, टाकून दिलेल्या अशा हजारो बायका तेथे राहत आणि बहुधा तेथेच मरत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाँ-मार्तँ शार्को नावाचे वैद्य तेथे काम करू लागले. ते रोगिणीला वर्षानुवर्षे पाहत, तिची लक्षणे टिपून ठेवीत, आणि ती गेल्यावर तिचा मेंदू व पाठीचा कणा उघडून पाहत. जिवंतपणीची लक्षणे आणि मरणानंतर दिसलेली बिघाडाची जागा यांची सांगड घालणे, ही त्यांची पद्धत होती.

या पद्धतीने १८६९ साली त्यांनी एक रोग इतरांपासून वेगळा करून दाखविला, आणि १८७४ साली त्याला नाव दिले. इंग्रजीत ते ‘अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस’ असे झाले, थोडक्यात एएलएस. नाव अवघड आहे, पण त्यात सारे आले आहे. स्नायूंचे पोषण थांबते आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जेच्या कडेचा भाग घट्ट होतो, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडात याच रोगाला ‘मोटर न्यूरॉन डिसीज’ म्हणतात.

आपण हात हलवितो, पाऊल टाकतो, घास गिळतो, श्वास घेतो, तेव्हा मेंदूकडून निघालेला हुकूम विशिष्ट मज्जापेशींच्या वाटेने स्नायूंपर्यंत पोचतो. या रोगात त्या पेशीच एकेक करून मरतात. हुकूम देणारा शाबूत, काम करणारा शाबूत, पण मधला जासूदच नाहीसा होतो. काम न मिळालेला स्नायू मग वाळत जातो. आज बोटातून किल्ली निसटते, उद्या शर्टाची गुंडी लागत नाही, परवा पाय अडखळतो. कोणाची आधी जीभच जड होते. शेवटी छातीचे स्नायू थकतात. स्पर्श कळतो, डोळे बहुधा शेवटपर्यंत हलतात, आणि पुष्कळ रोग्यांची बुद्धीही अखेरपर्यंत जागी राहते. आपले काय चालले आहे हे माणसाला समजत असते. बहुतेकांना रोग सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षे मिळतात.

या रोगाच्या ज्ञानासाठी पहिली देणगी कोणी दिली, असे कोणी मला विचारले तर मी साल्पेत्रियेरच्या त्या गरीब बायकांचेच नाव घेईन. त्यांच्याजवळ देण्यासारखे शरीराखेरीज काहीच नव्हते, आणि तेही त्यांच्याकडून घेतले गेले. आभाराचा दगड त्यांच्या नावाने कोणी बसविला नाही.

*

वैद्यांच्या पुस्तकातला हा रोग सामान्य लोकांच्या तोंडी आला तो एका खेळाडूमुळे. बेसबॉल हा अमेरिकनांचा जीव की प्राण असा खेळ. आपल्याकडे क्रिकेटचे जे स्थान, तेच तिकडे त्याचे. न्यूयॉर्कच्या यांकी संघात लू गेरिग नावाचा एक धिप्पाड, अबोल खेळाडू होता. त्याचे आईबाप जर्मनीहून पोट भरण्यासाठी आलेले. चार मुलांतला हा एकटाच जगला. आई लोकांच्या घरी स्वयंपाक आणि धुणे करी. मुलाने शिकून इंजिनिअर व्हावे अशी तिची इच्छा. मुलगा चेंडूफळीकडे वळला. १ जून १९२५ ला तो मैदानात उतरला, आणि त्यानंतर १४ वर्षांत त्याने आपल्या संघाचा एकही सामना चुकविला नाही. ताप असो, बोट मोडलेले असो, गेरिग जागेवर हजर. असे ओळीने २,१३० सामने तो खेळला. लोक त्याला लोखंडी घोडा म्हणत.

१९३८ च्या हंगामात त्या घोड्याचा दम कमी पडू लागला. १९३९ च्या वसंतात तर सोपे चेंडूही निसटू लागले. असे सांगतात की, एका अगदी साध्या खेळीबद्दल सोबत्यांनी त्याची पाठ थोपटली, आणि त्याच क्षणी तो काय ते उमजला. जिथे शाबासकीची गरज नाही तिथे ती मिळू लागली, की माणसाने समजावे! २ मे १९३९ ला त्याने आपण होऊन संघाच्या व्यवस्थापकाला सांगितले की आज मला बसवा. जूनमध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी निदान केले. तो दिवस १९ जून, त्याचा ३६ वा वाढदिवस होता.

४ जुलैला यांकी स्टेडियममध्ये त्याचा गौरव समारंभ झाला. ६१ हजारांवर लोक जमले. त्याचे भाषण अमेरिकेत आजही शाळेतल्या मुलांना ठाऊक असते. आपल्या वाट्याला वाईट दिवस आल्याचे तुम्ही वाचले असेल, तरी आज या पृथ्वीतलावर माझ्यासारखा भाग्यवान मीच, असे तो म्हणाला. आणि मग त्याने आपल्या भाग्याचा हिशेब मांडला. प्रतिस्पर्धी संघाने भेट पाठविली, तिचा उल्लेख केला. मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्यांनी आणि पांढरे कोट घातलेल्या नोकरांनी आठवण ठेवली, ती सांगितली. आईबाप जन्मभर राबले, ते सांगितले. बायकोचा धीर सांगितला. आणि नवरा-बायकोच्या भांडणात स्वतःच्या लेकीची बाजू सोडून जावयाची बाजू घेणाऱ्या सासूबाईंनाही तो विसरला नाही! मृत्यू समोर दिसत असताना ज्याला सासूबाईंचे उपकार आठवतात, तो माणूस खरोखरच मोठा असला पाहिजे.

त्या दिवशी ताटे आली, चषक आले. त्याचा ४ क्रमांकाचा सदरा यापुढे संघात कोणी घालणार नाही, असेही ठरले. पण तो समारंभ गौरवाचा होता. रोगासाठी फंड उभारण्याचा नव्हता. रोग्यासाठी मैदान भरले, परंतु रोगाविरुद्ध काही करता येईल ही कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती. पुढे न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी त्याला तुरुंगातून सुटू पाहणाऱ्या कैद्यांची प्रकरणे पाहणाऱ्या मंडळावर नेमले, आणि हात चालेनासे झाले तरी तो ते काम करीत राहिला. २ जून १९४१ ला तो गेला. वय ३७. अमेरिकेत त्या रोगालाच आता ‘लू गेरिगचा रोग’ म्हणतात.

*

याच वर्षांत अमेरिकेत दुसऱ्या एका रोगासाठी मोठी इर्जिक चालू होती. तो रोग म्हणजे पोलिओ. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट हे १९२१ साली त्याने पांगळे झाले होते. १९३८ साली त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि लोकांना सांगण्यात आले की मोठी देणगी नको, फक्त एक डाइम, म्हणजे दहा सेंटांचे नाणे, पाठवा. व्हाइट हाउसवर टपालाच्या थैल्याच्या थैल्या येऊन पडल्या. १९५० च्या जानेवारीत ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरी आयांनी एक युक्ती काढली. ज्यांना वर्गणी द्यावयाची असेल त्यांनी संध्याकाळी दारातला दिवा लावून ठेवावा. आया रस्त्यारस्त्यांतून चालत निघाल्या, आणि दिवा दिसेल त्या दारी थांबल्या. १९५५ साली साल्क यांची लस आली, ती या नाण्यांतून आणि या दिव्यांतून.

मग एएलएससाठी असे काही का झाले नाही? पोलिओ लहान मुलांना होई, म्हणून प्रत्येक आईच्या पोटात गोळा उठे, हे एक कारण. रोगी संख्येने थोडे, हे दुसरे. पण मला वाटते, खरे कारण आणखी वेगळे आहे. पोलिओ झालेले पुष्कळ जण जगले. ते कुबड्या घेऊन सभेत आले, बोलले, भांडले. त्यांतला एक तर राष्ट्राध्यक्षच होता. एएलएसचा रोगी आपले दुःख जगाला सांगावयास उभा राहतो न राहतो, तोच त्याचे पाय जातात; तोंड उघडतो तोच वाचा जाते; आणि लोकांना त्याचे नाव पाठ होईपर्यंत तो स्वतःच जातो. ज्या फौजेतले शिपाई दर चार वर्षांनी नवे, तिने लढावे कसे? म्हणून या रोगाचा इतिहास हा रोग्यांपेक्षा त्यांच्या मागे राहिलेल्यांचा इतिहास आहे. बायका, सासवा, जावई, सवंगडी यांचा.

गेरिगची पत्नी एलिनॉर ही त्यांतली पहिली. ती वैधव्यात ४३ वर्षे जगली, आणि दुसरे लग्न तिने केले नाही. १९५० साली स्नायूंच्या रोगांसाठी अमेरिकेत एक संस्था निघाली. एएलएसला स्वतःचे घर नव्हते, तेव्हा त्याला याच संस्थेने आपल्या ओसरीवर जागा दिली, आणि एलिनॉरबाईंनी तिच्या वर्गणीच्या कामात आपले नाव आणि श्रम घातले. पुढे इंग्लंडात १९७९ साली मोटर न्यूरॉन डिसीज असोसिएशन निघाली, तीही मूठभर स्वयंसेवकांनी काढलेली. अमेरिकेत दोन लहान संस्था एकत्र होऊन १९८५ साली एएलएस असोसिएशन उभी राहिली. गेरिगच्या मृत्यूला तोवर ४४ वर्षे लोटली होती.

*

मदत म्हणजे केवळ पैसा नव्हे, हे सांगणारी एक गोष्ट याच काळातली आहे. कॅलिफोर्नियात वॉल्ट वोल्टोश नावाचे एक इंजिनिअर होते. त्यांच्या सासूबाईंना हा रोग झाला. त्यांची वाचा गेली, हात गेले. तेव्हा जावयाने संगणकाचा एक असा कार्यक्रम रचला, की पडद्यावर शब्द सरकत जावेत, हवा तो शब्द आला की एक कळ दाबावी, आणि मग यंत्राने ते वाक्य मोठ्याने बोलावे. गेरिगच्या भाषणातल्या सासूबाईंचे ऋण कोणा एका जावयाने असे फेडले, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

इकडे केंब्रिजला स्टीफन हॉकिंग हे शास्त्रज्ञ १९६३ पासून, म्हणजे वयाच्या २१ व्या वर्षापासून, या रोगाशी झगडत होते. डॉक्टरांनी त्यांना दोन वर्षे दिली होती. ते ७६ वर्षे जगले. असा दीर्घायुषी रोगी अत्यंत विरळा. १९८५ साली न्यूमोनिया झाला, गळ्याला छेद द्यावा लागला, आणि उरलीसुरली वाचाही गेली. तेव्हा वोल्टोश यांनी आपला तो कार्यक्रम त्यांना पाठवून दिला. पुढे जगाने हॉकिंग यांचा म्हणून जो यांत्रिक आवाज ऐकला, त्याच्या मुळाशी एका घरातली सासू आणि जावई आहेत. जानेवारी २००१ मध्ये हॉकिंग मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी आले. ५९ वा वाढदिवस त्यांनी मुंबईतच साजरा केला. चाकाच्या खुर्चीतल्या त्या माणसाचा तो आवाज मुंबईकरांनीही कानांनी ऐकला.

*

आता २०१४ सालाकडे येऊ. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेत एक विचित्र खेळ निघाला. बर्फाच्या पाण्याची बादली आपल्या डोक्यावर ओतून घ्यावयाची, त्याचे चित्रीकरण लोकांना दाखवावयाचे, आणि तिघांची नावे घेऊन त्यांना तसेच करण्याचे आव्हान द्यावयाचे. ज्याला अंघोळ नको त्याने देणगी द्यावी. बहुतेकांनी दोन्ही केले. हा खेळ आधी कोणत्याही सत्कार्यासाठी चाले. फ्लोरिडातल्या एका गोल्फ खेळणाऱ्याने जुलैत तो एएलएससाठी केला, कारण त्याच्या नात्यातल्या एका बाईच्या नवऱ्याला, अँथनी सेनर्किया याला, हा रोग होता. तिच्याकडून तो न्यूयॉर्कजवळच्या पॅट क्विनपर्यंत आणि तेथून बोस्टनच्या पीट फ्रेट्सपर्यंत गेला. फ्रेट्स कॉलेजच्या बेसबॉल संघाचा कप्तान होता. दोघेही तिशीच्या आसपासचे आणि दोघेही याच रोगाने ग्रासलेले. त्यांच्या मित्रमंडळींनी तो वणव्यासारखा पसरविला.

आठ आठवड्यांत एकट्या एएलएस असोसिएशनकडे ११ कोटी ५० लाख डॉलर जमा झाले. सर्व जगात मिळून २२ कोटींच्या वर. जवळजवळ १ कोटी ७० लाख लोकांनी आपापले चित्रीकरण फेसबुकवर टाकले. खेळ आपल्याकडेही पोचला. पण पाण्याची नासाडी आपल्याला पटेना. हैदराबादच्या मंजुलता कलानिधी या पत्रकारबाईंनी त्याचे रूप बदलले आणि बादलीभर तांदूळ भुकेल्याला द्या, असे सुचविले. तो तांदूळ एएलएसच्या रोग्याकडे गेला नाही, हे खरे. पण सुपात धान्य घालण्याची आपली जुनी सवय परक्या खेळात अशी आपोआप उतरली.

पुष्कळांनी तेव्हा नाके मुरडली. हा तमाशा आहे, यांतल्या निम्म्यांना रोगाचे नावही सांगता येणार नाही, असे म्हटले गेले. त्यात तथ्य होते. पुढच्या वर्षी तोच खेळ पुन्हा मांडला, तेव्हा आदल्या वर्षाच्या पासंगालाही पुरेल इतका पैसा जमला नाही. लोक एकदाच भिजतात. पण जमलेला पैसा वाया गेला काय? त्यातला दोन-तृतीयांश भाग संशोधनाला दिला गेला. या रोगाच्या रोग्यांची आनुवंशिक घडण तपासण्याचा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प नेदरलँड्समधल्या रोग्यांनीच सुरू केला होता. त्याला यातून बळ मिळाले, आणि २०१६ साली रोगाशी संबंध असलेले एक जनुक सापडले. त्याच पैशातून एका औषधाच्या चाचणीला मदत झाली. २०२२ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, घरोघर आनंद झाला. आणि २०२४ च्या मार्चमध्ये मोठ्या चाचणीत ते औषध गुणकारी ठरले नाही. बनविणाऱ्यांनी ते बाजारातून परत घेतले.

हे वाचून मन खट्टू होते. पण शेतकऱ्याला हे नवे नाही. एक पेरणी उगवली नाही म्हणून तो रान टाकून देत नाही. १९९५ साली पहिले औषध आले, ते आयुष्य काही महिन्यांनी वाढविते. २०२३ साली आणखी एक आले. ते ज्यांच्या एका विशिष्ट जनुकात दोष आहे अशा थोड्या रोग्यांसाठी आहे, पण रोगाच्या मुळाशी हात घालणारे आहे. पीक अजून थोडेच पदरात पडले आहे. रोग बरा करणारे औषध आजही नाही.

सेनर्किया २०१७ मध्ये गेला, फ्रेट्स २०१९ मध्ये, क्विन २०२० मध्ये. आणि इथेच या परमुलखातल्या इर्जिकेचा आपल्या इर्जिकेशी एक मोठा फरक आहे. आपल्याकडे आजारी शेतकऱ्याचे रान इतर लोक नांगरतात, आणि बरा झाल्यावर पीक तोच काढतो. इथे आजारी माणूस स्वतः लोकांना बोलावून आणतो आणि ज्यांना तो कधी पाहणार नाही अशा पुढच्या रोग्यांचे रान नांगरून घेतो. पीक आपल्याला खावयास मिळणार नाही, हे त्याला पहिल्या दिवशीच सांगितलेले असते.

*

शेवटची हकीकत इंग्लंडातल्या लीड्स शहरची आहे. या गावाची या रोगाशी जुनी ओळख. तेथल्या फुटबॉल संघाला वैभव मिळवून देणारे डॉन रेव्ही यांना १९८७ साली हा रोग झाल्याचे समजले. १९८८ च्या मे महिन्यात त्यांच्याच मैदानावर मदतीसाठी सामना भरविला गेला. ज्या मैदानावर ते ताठ मानेने चालले होते, तेथे त्या दिवशी ते चाकाच्या खुर्चीतून आले. पुढच्याच वर्षी ते गेले.

त्याच गावात रॉब बरो नावाचा रग्बीपटू होता. रग्बी म्हणजे रेड्यांची टक्कर. आणि हा पाच फूट पाच इंचांचा! इतका लहान चणीचा खेळाडू त्या खेळात टिकणार नाही, असे त्याला पोरवयापासून सांगितले गेले. तो १७ हंगाम लीड्सकडून खेळला आणि आठ वेळा अजिंक्य ठरलेल्या संघात होता. २०१९ च्या डिसेंबरात त्याच्या रोगाचे निदान झाले. त्याला तीन लहान मुले होती. महिन्याभरातच हेडिंग्लेच्या मैदानावर सामना झाला. हेडिंग्ले क्रिकेटमुळे आपल्याही ओळखीचे आहे. रग्बीचे मैदान त्याला पाठ लावूनच आहे. तिकिटे सगळी खपली. शेवटची काही मिनिटे बरो स्वतः मैदानात उतरला.

त्याचा जुना कप्तान केव्हिन सिनफील्ड. बोलणे कमी, काम जास्त, असा हा माणूस. २०२० च्या डिसेंबरात, सारे जग साथीने घरात कोंडलेले असताना, त्याने ठरविले की सात दिवस रोज एक मॅरेथॉन, म्हणजे रोज ४२ किलोमीटरांवर, धावावयाचे. सातच का? कारण बरोच्या सदऱ्याचा आकडा सात. ७७,७७७ पौंड मिळावेत एवढीच अपेक्षा होती. मिळाले २० लाखांच्या वर. पुढच्या वर्षी तो लेस्टरपासून लीड्सपर्यंत १०१ मैल एका दिवसरात्रीत धावला. असे धावत धावत पुढल्या काही वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी एक कोटी पौंडांच्या वर रक्कम जमविली. रस्त्याच्या कडेला लोक थंडीत उभे राहत, डबे घेऊन, मुलांना खांद्यावर घेऊन.

घरात काय चालले होते? तेथे गर्दी नव्हती. बरोची पत्नी लिंडसी फिजिओथेरपिस्ट. आपली नोकरी सांभाळून, तीन मुलांचे पाहून, ती नवऱ्याला उचली, भरवी, रात्री कुशीवर वळवी. त्याचे आईवडील रोज मदतीला येत. तो डोळ्यांच्या हालचालींनी यंत्रावर अक्षरे निवडी, आणि यंत्र ते वाक्य त्याच्याच पूर्वीच्या आवाजात बोले. रस्त्यावरची धाव सात दिवसांची. ही घरातली धाव साडेचार वर्षांची होती.

१४ मे २०२३ ला लीड्समध्ये बरोच्या नावाने मॅरेथॉन झाली. सिनफील्डने ते सर्व अंतर मित्राला खुर्चीत बसवून ढकलीत नेले. शेवटची रेघ समोर आली तेव्हा तो थांबला, वाकला, मित्राला खुर्चीतून दोन्ही हातांवर उचलून घेतले, आणि ती रेघ दोघांनी मिळून ओलांडली. ज्यांनी ते चित्र पाहिले त्यांना त्यावर भाष्य नको.

बरो २ जून २०२४ ला गेला. गेरिग गेला तीही तारीख २ जूनच. अमेरिकेतले बेसबॉल संघ २०२१ पासून त्या दिवशी गेरिगचे स्मरण करतात आणि या रोगासाठी निधी जमवितात. लीड्समध्ये या रोगाच्या रोग्यांसाठी लोकवर्गणीतून एक केंद्र बांधावयाचे होते, आणि त्याचा आरंभ ३ जूनला आधीच ठरला होता. आदल्या दिवशी घरात मृत्यू झालेला. कार्यक्रम पुढे ढकलला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. पण कुटुंबाने सांगितले, ठरल्या दिवशीच होऊ द्या. आणि ३ जूनला पहिली कुदळ पडली.

*

आपल्याकडेही हा रोग आहे. मद्रासकडच्या तरुणांत आढळणाऱ्या त्याच्या एका निराळ्या प्रकाराचे वर्णन तेथल्याच डॉक्टरांनी १९७० साली केले. मुंबईत ‘आशा एक होप’ ही संस्था अशा रोग्यांना व त्यांच्या घरच्यांना एकत्र आणण्याचे काम करते. पण आपल्या बहुतेक गावांत अशा माणसाभोवती मैदान भरत नाही. तो कोणाचा कप्तान नसतो. तो पोस्टमन असतो, शिंपी असतो, कोणाची मोठी जाऊ असते. पहिले वर्ष डॉक्टरांच्या दारात, दुसरे अंगारेधुपाऱ्यांत जाते, आणि तोवर बोलणे अस्पष्ट झालेले असते. मग येणारेजाणारे कमी होतात. त्यांचा दोष नसतो. काय बोलावे ते सुचत नाही. पण ज्याची बुद्धी जागी आहे त्याला घरातल्या पावलांची मोजणी बरोबर कळत असते.

कोट्यवधी डॉलरांची इर्जिक आपल्या आवाक्यातली नसेल. पण गेरिगने आपल्या भाग्याच्या यादीत पैशाला जागा दिलीच नव्हती. त्यात माळी होते, नोकर होते, सासूबाई होत्या. अशा घरात सर्वांत मोठी उणीव असते ती झोपेची. रात्री दर दोन तासांनी कूस वळविणाऱ्या बाईला दुपारची सलग दोन तास झोप मिळाली, तर ती देणगी लहान नव्हे. शेजारणीने बसावे, वर्तमानपत्र वाचून दाखवावे, आणि उत्तराला वेळ लागला तरी थांबावे.

फिनिक्सच्या आया ज्या दारी दिवा दिसे त्या दारी थांबत. दिवाळीत आपल्याकडे प्रत्येक दारी पणती असते, त्यामुळे कोणत्या घरी कोणाची वाट पाहिली जात आहे हे बाहेरून ओळखू येत नाही. आपल्या आळीत असे एखादे घर असेल तर ते आपल्याला ठाऊक असतेच. फराळाचे ताट तेथे पोचते करून उंबऱ्यावरूनच परत फिरू नये. त्याला चकली चावणार नाही. पातळ खीर न्यावी, ती गिळवेल का हे घरच्यांना आधी विचारावे, आणि पाट ओढून जरा वेळ बसावे.